गुंड्या

रात्री नऊला माझं मशीन थांबतं.
शटर अर्धं खाली, टीव्ही कपाटावर,
चिंध्यांच्या ढिगावर बायका मांडी घालून,
आणि दाराशी, आत न येता, दोन-तीन पुरुष.
ते म्हणतात, आमी पायत नाई,
आमी फकस्त उभे आहो.

मालिकेतली मालगुजारीण घोड्यावरून उतरते.
काळा कोट, कमरेला किल्ल्या, काखेत लगानाची वही.
समोर मेणा टेकतो. पडदा सरकतो.
ती नुसतं नाव घेते, "चंद्रभागा",
आणि जाहिरात लागते. खताची.

"असं त्या काळात होतं का वं?" मंदोदरी विचारते.
"त्या काळात घोडा असा होता का, ते इचार,"
डोमाजी दारातून.
"एवढा उंच घोडा आपल्या बांधीत? पोटावरी फसन."
फुलवंताला राग पऱ्ह्यांचा:
हिवाळ्यात रोवणे दाखवतात,
बाया स्वेटर काढून उभ्या केल्यावानी कुडकुडतात.
अंगणवाडीची सायत्रा म्हणते,
लेकरांसमोर हे बरं नाही.
म्हणते, पण उठत नाही.
तिच्या मांडीवरचं लेकरू उठतं: घोडा गेला का?

प्रांजू भंडाऱ्याला नर्सिंगला आहे,
सुट्टीत आली की बोलते.
"आजी, तिला ती आवडते. एवढंच आहे."
"आवडते तं आवडते," देवकाबाई, वय विचारू नये अशी,
"मले बी माही विहीण आवडते.
त्याले कोट कायले लागते?"
सगळ्या हसल्या.
प्रांजू हसली नाही. ओढणीचं टोक
बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

मग अंजिरा बोलली, जी एरवी
मापाचे आकडेही खुणेने सांगते.
"तिनं कोनावर जीव लावला, ते तिचं ती पायन.
मेणा उचलनारे पायले का तुमी? चार होते.
एकाचंबी तोंड दाखवलं नाई.
माहा पणजा तलावाची पाळ बांधता बांधता मेला, बिगारीत.
कागदावर तो तलाव माजी मालगुजारी,
आपल्या तोंडात मामा तलाव.
मामा म्हनतो आपून त्याले. मामा!"

कोणीच काही बोललं नाही.
जाहिरात संपली होती, हे उशिरा कळलं.
मालगुजारीण एका कुळाला वही दाखवत होती
आणि तिचा आवाज तोच होता,
ज्या आवाजात मघा नाव घेतलं.

"अन् तुमचं काय म्हननं, शिलाईवाल्या बाई?"

मी म्हटलं, कोटाच्या गुंड्या चुकल्या.
बाईच्या कपड्याला काज उजवीकडे,
पुरुषाच्या डावीकडे.
हिनं मर्दानी कोट मागितला असता
तर शिंप्याने काज डावीकडेच केलं असतं.
कंपनीनं बायकी कोट काळा रंगवून दिलाय.

"बाप्पा! तुमचं ध्यान तरी कुठं असते!"

तुमसरच्या शिलाई वर्गात
दोघींत एक मशीन होतं.
कौतिका पायडल मारायची, मी कापड सरकवायची.
एकदा सरांनी पुरुषाचा सदरा शिवायला सांगितला,
तो अंगावर घालून पाहिला कौतिकानं.
गुंड्या मी लावल्या, वरून खाली, पाच.
उलट्या बाजूच्या म्हणून हात चुकत होता,
तिसरी दोनदा लावली.
ती म्हणाली, सावकाश.
ते मशीन अजून तिथे असेल. ती बालाघाटकडे दिली.
हे मी दुकानात बोलत नाही,
आणि काजाचं खरं तेवढं बोलते.

पडद्यावर चंद्रभागा दाराच्या कडीला हात लावते
आणि लाईन जाते.

डोमाजी वीज मंडळाला शिव्या देतो,
आम्ही फकस्त उभे आहो हे विसरून विचारतो,
"उघडलं का तिनं?"
देवकाबाई म्हणते, उद्या थोडं आधी लाव.
मोबाईलच्या उजेडात चपला शोधल्या जातात.
प्रांजू सगळ्यात शेवटी निघते,
दारात थांबते, काही विचारणार असते,
आणि नुसतं "येतो मावशी" म्हणते.

अंधारात अंजिरा उरते.
"माह्या पोलक्याचे किती झाले?"
मी म्हणते, राहू दे, उद्या दे.
"नाई," ती म्हणते, "आत्ताच सांग.
उधारी मले जमत नाई."