सतरावा जोड

कुणाला म्हणे वाटेतच वीज गाठते.
मला गाठलं एका वहाणेनं.

नुमिदियातलं आमचं गाव, जैतुनाच्या घाण्यांचं.
हिवाळा. सम्राटाचा हुकूम वेशीवर डकवलेला,
आणि मी, विक्टोरिकस, नगरसभेचा कारकून,
बगलेत मेणाच्या पाट्या, मागे चार शिपाई.
दार ठोठावलं नाही.
दारं ठोठावायची सवयच नव्हती मला.

ग्रंथ मागितले. बिरिक्त म्हणाली, ठाऊक नाही.
पुन्हा मागितले, या खेपेला
तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरून.
तो आवाज मी नोंदवला नाही. बाकी सगळं नोंदवलं:
पितळी दिवे सहा.
बायकांचे अंगरखे बावीस.
तेलाचा रांजण एक, अर्धा भरलेला.
वहाणांचे जोड सतरा,
विधवांसाठी, हमालांसाठी,
ज्यांची नावं करापुरतीच कुणाला आठवतात त्यांच्यासाठी.

परतताना चिखल. माझ्या वहाणेचा अंगठा तुटला.
शिपाई तोंड फिरवून हसले.
दोरीला बांधलेली बिरिक्त हसली नाही. म्हणाली,
"त्या पोत्यात तळाशी एक मोठा जोड आहे.
नम्फामो हमालासाठी शिवलेला.
तो गेला परवा, तापानं.
होईल तुमच्या पायाला."

झाला. अगदी मापाचा.

रात्री दिव्याशी बसून
मी 'सतरा'वरचं मेण गुळगुळीत केलं, 'सोळा' कोरलं.
ती काही माझी पहिली चोरी नव्हती.
टोचलेली पहिली.

तिला खाणीवर धाडलं. कागदावर शिक्का माझाच.
मी त्याच वहाणा घालून बाजार केला, बापाला पुरलं,
देवळात धूप टाकला.
झिजतच नव्हत्या मेल्या.

मग कधीतरी हुकूम फिरले.
खाणीतून माणसं परतली, अर्धीमुर्धी.
मी वहाणांना नवे बंद लावले, तेल चोळलं,
आणि अनवाणी निघालो, त्या काखेत मारून.
तेच दार. फटीपाशी लाकडावर काळा डाग.
या वेळी ठोठावलं,
इतकं हळू, की मलाच ऐकू आलं नाही.

आतून कुणी म्हणालं, "तोच हा."
कुणी थुंकलं. बरोबरच होतं ते.
उंबऱ्याबाहेर बसवलं मला,
पश्चात्ताप करणाऱ्यांच्या रांगेत, सगळ्यात शेवटी.
नम्फामोचा पोरगा, आता मिसरूड फुटलेला,
प्रार्थनेला जाताना मला ओलांडून जायचा,
टाचांना भेगा. दोन हिवाळे असा ओलांडत राहिला.
मी वहाणा त्याच्या वाटेत ठेवायचो. तो पाहायचा नाही.

एका सकाळी, न पाहताच, त्यानं पाय सरकवले.
झाल्या त्याला.

बिरिक्त दाराशी आली.
पाटी माझ्या मांडीवर ठेवली.
"लिहिता येतं ना अजून?
माझ्या हाताला आता काही धरवत नाही.
लिही. जोड सतरा. पैकी एक दिला."

मी कोरायला गेलो, अक्षर वळेना.
तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं,
पोराला धुळाक्षरं शिकवावीत तसं.

मग म्हणाली, "ये आत.
आणि पाय पुसून ये, आताच झाडलंय."