समास

नऊशे बारा पानांचं ते पुस्तक
माझ्या फिरत्या ग्रंथालयात खालच्या फळीवर असतं.
वर ठेवलं तर वळणावर कोसळतं,
एकदा कोसळलंही, ईडे बेटाच्या उतारावर,
थेट गिअरवर.

सोमवारी सँडे (बेटाचं नाव आहे, वार नव्हे),
बुधवारी वेस्ट्रे,
महिन्यातून एकदा नॉर्थ रोनल्डसे,
जिथं मेंढ्या समुद्रातलं शेवाळ खातात
आणि माणसं हिवाळाभर मिळेल ते वाचतात.

पुस्तकात म्हणे सूर्य म्हातारा झालाय.
चार अब्ज वर्षांनंतरची गोष्ट.
माणसांना नावं नाहीत,
क्रियापदांना भूतकाळ नाही,
आणि एकाही शब्दाचा अर्थ सांगायचा नाही
असा लेखिकेचा पण.
म्हणे म्हणतो, कारण मी ते वाचलेलं नाही.
मी फक्त समास वाचतो,
बोट लागेपर्यंत, धक्क्यावर,
थर्मासच्या झाकणातून चहा पीत.

पान नऊवर टेरेन्स ड्रेव्हरच्या कपाचं गोल खळं.
परत देताना त्यानं पुस्तक आपटलं होतं:
"डोक्यावरून गेलं असतं तर चाललं असतं, मॅन्सी,
हे डोक्यात शिरून बसलंय
अन् भाडं देत नाही."

पान सत्तेचाळीस. "हे कोण बोलतंय?"
खाली, वेगळ्या हाताचं: "मलाही कळलं नाही. पुढे चला."
त्याखाली शाईनं, रेघ ओढून:
"ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहू नये."
या मिस फोबी स्केआ.
सही नसली तरी ओळखतो,
त्याच वळणाचा 'ग' त्यांनी माझ्याकडून
पाटीभर गिरवून घेतला होता.

पान एकशे तेहेतीसवर एक शब्द येतो, ओरूव,
आणि तिथून समास दाटीवाटीचा होतो.
"ओरूव म्हणजे भरती," कुणा मेंढपाळाची पेन्सिल, बोथट.
"नाही. एक श्वास संपतो, दुसरा येतो की नाही ठाऊक नसतं,
ती मधली जागा." ही नर्स, रात्रपाळीची.
"लेखिकेला तरी माहीत आहे का?" हे कुणीही असेल.
आणि मग, पेन्सिलनं, अगदी बारीक,
जणू कुणी बघेल म्हणून:
"भरती आणि श्वास, दोन्ही. पान ३९० पाहा."
त्यातला 'ग' नाही,
पण तरी ओळखलं.

दोनशे सहावर टॉमस टुलॉक,
ज्याचा दीप आता यंत्र लावतं, यंत्रच विझवतं.
कादंबरीत कुणीतरी एका ताऱ्याची राखण करतं,
कुणी येणार नाही हे माहीत असून.
टॉमसनं लिहिलंय, "बरोबर."
मग तीन ओळी सोडून:
"पण काच गार व्हायला एवढा वेळ लागत नाही."

पाचशेच्या पुढे अक्षरं विरळ.
सहाशे अकरावर बसचं तिकीट, अॅबर्डीनचं,
इस्पितळाच्या थांब्यापर्यंतचं.
पुढचं त्या हाताचं काही नाही.
तिकीट मी तिथंच राहू दिलंय.

मार्चमध्ये मुख्य कचेरीतून चिठ्ठी आली:
प्रत खराब झाली आहे, बाद करावी, नवी पाठवत आहोत.
नवी आली. पांढरीशुभ्र, पानं एकमेकांना चिकटलेली.
वेस्ट्रेच्या इंगा रेंडलनं, वय चौदा,
ती उघडली, फरफर चाळली,
माझ्याकडे अशी पाहिली
जशी गिऱ्हाईक शिळ्या माशाकडे पाहतं.
"यात काहीच लिहिलेलं नाही," म्हणाली.

तेव्हा नवी वरच्या फळीवर.
जुनीवर 'बाद'चा शिक्का आहे,
त्यामुळे तिला परतीची तारीख नाही,
नोंद नाही, दंड नाही,
ती माझ्याबरोबर नुसती फिरते,
डिझेल खाते म्हणा.

काल धुकं. बोट रद्द.
चहा संपला, समासही संपले.
मग पहिल्या पानावर आलो,
छापलेल्या पहिल्या वाक्यावर.
दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्यानं,
बाहेर एक सील डोकं वर काढून ऐकत होता,
त्यालाही कळलं नसावं.
चावीला सुतळीनं पेन्सिल बांधलेली असते,
किलोमीटर टिपायला.
सुतळी पानापर्यंत पुरेना,
म्हणून चावी काढली.