निरगाठ

पाणी तापवायचं काम माझं.
त्या गुरुवारी फादरची लाँच आलीच नाही,
खाडीच्या तोंडाशी धुकं ठाण मांडून होतं.
चिलोएच्या आमच्या बेटावर ईस्टर येतो
बटाटे काढून झाल्यावर, गारठ्यात;
वसंतबिसंत सगळा पुस्तकांत.
फादर नसले की चॅपलची किल्ली बाबांकडे,
म्हणजे बारा जणांचे पायही बाबांकडेच.

अकरा खुर्च्या भरल्या.
रबरी बूट दाराशी, मोजे खिशात कोंबलेले.
एदेल्मिरा मावशी म्हणाली, मी घरून धुऊनच आलेय.
(सगळे धुऊनच येतात.)
बाराव्या खुर्चीत, प्रार्थना सुरू झाल्यावर,
रोसामेल.

नऊ वर्षं तो आमच्या अंगणावरून जाताना
समुद्राकडे बघत जायचा.
त्याची होडी बाबांनी एका दिवसापुरती मागून आणली होती.
रात्री वादळ. सकाळी खुंटा होता, होडी नव्हती.
बाबा म्हणाले, वारा.
गाव म्हणालं, वारा.
रोसामेल काहीच म्हणाला नाही,
दुसऱ्यांच्या जाळ्यांवर मजुरीला जाऊ लागला.

बाबा गुडघ्यांवर सरकत गेले खुर्चीमागून खुर्ची,
मागे मी, किटली घेऊन.
अकरा जणांचे पाय भरभर उरकले,
भांडी विसळावीत तसे.
बाराव्याशी हात थांबले.
रुंद पाऊल, मिठाने पांढरलेल्या भेगा,
डावी करंगळी नाही.
बाबा वर न बघता, परातीशी बोलल्यासारखे म्हणाले,
"सुरगाठ मारली होती मी, रोसामेल.
घाई होती."

चॅपलचं लाकूड तेवढं करकरलं.
मला वाटलं, आता काहीतरी होईल,
रडणं, मिठी, निदान एक शिवी.
रोसामेल म्हणाला, "पाणी गार झालंय."
मी उरलेलं ओतलं.
त्याने पाय स्वतःच पुसला, मोजा चढवला, गेला.
कबूल करणाऱ्याला वाटतं ओझं उतरलं.
ते नुसतं दुसऱ्याच्या हातात गेलेलं असतं.

शुक्रवारी तो आला नाही.
शनिवारी रात्री मेणबत्तीवरून मेणबत्ती पेटत गेली,
तेव्हाही नाही.
मग रात्रभर वारा, छपराच्या फळ्या उचकटणारा.
बाबा जागे होते, पण किनाऱ्यावर गेले नाहीत.
गेली होडी तर जाऊ दे, म्हणाले, फिटेल.

रविवारी अंधार असतानाच मी खाली धावले.
होडी जागेवर.
आमच्या दोरावर दुसरा दोर, जाड, जुना,
आणि गाठ अशी,
जी आमच्या घरात कुणालाच येत नाही.

बाबा तासभर झटले. नख तुटलं.
सुरी आणू? मी विचारलं.
"कापायची नाही."
आणि ईस्टरचा इस्त्रीचा सदरा घातलेले बाबा,
पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चिखलाच्या पायांनी,
चढ चढून गेले रोसामेलच्या दाराशी,
ती सोडवायची कशी, ते विचारायला.