घेणारा

दर गुरुवारी झेनोन येतो
ग्डिनियाच्या बंदराचं धुकं कोटावर घेऊन.
आलुबुखारच्या मुरंब्याची एक बरणी,
सुटे पैसे मोजून.

मागे कंपनीचा कागद आला होता: चव कशी वाटली?
मला काय ठाऊक, म्हणाला,
मी नुसता घेणारा. खाणारी बोझेना,
रात्री उठून, पावाशिवाय, चमच्यानं.

बोझेना मार्चात गेली.

बरण्या जातच राहिल्या.
खिडकीत चौदा, न उघडलेल्या.
वॉर्सातल्या तक्त्यावर रेघ हललीसुद्धा नाही;
शेरा: गिऱ्हाईक पक्कं.

आज मी पैसे घेतले नाहीत.
गल्ल्यावरच झाकण फिरवलं, चमचा दिला.
त्यानं जिभेवर ठेवलं,
डोळे मिटले बराच वेळ.

"आंबट आहे गं," म्हणाला.
"बोलली नाही कधी."