अर्थ लागत नव्हता

जानेवारीत, पहाटे साडेपाचला,
जीवाजीगंजातल्या आमच्या गल्लीत
इंडिका अशी खोकायची
की समोर माहूरकरांचा दिवा लागायचा.
घुर्र. घुर्र. मग नुसतं टक्.
मग धुकं, आणि धुक्यात मी,
सहाची ड्यूटी एक्स-रेची,
रात्रपाळीची निर्मला घड्याळ बघत असणार.

मग धक्का.
माहूरकर काका कानटोपीत,
दूधवाला कॅन पायरीवर ठेवून,
शितोळ्यांचा मल्हार फोन दातांत धरून.
आणि ढकलता ढकलता ज्याचं त्याचं निदान:
डिझेल गोठतं हो, मोरारला आज तीन होतं.
हीटर गेलेत हीटर.
पावशेर घासलेट घालून बघा.
बॅटरी बदला ताई. बॅटरीच.
काकू गॅलरीतून: विका ती एकदाची.

म्हणून बॅटरी बदलली.
चार हजार आठशे, जुनीचे सहाशे वजा.
दुसऱ्या पहाटे
नवी बॅटरी, जुनाच खोकला.

दुपारी मात्र पडावाच्या पुलाखाली
रामसियाच्या गॅरेजात
पहिल्या चावीला सुरू.
डॉक्टरच्या दारात ताप उतरलेल्या पोरासारखी,
वर हॉर्नसुद्धा खणखणीत.
मी ओशाळले. रामसिया हसला नाही.
"मर्ज जब आता है, तभी देखेंगे."

आणि आला खरंच, पावणेपाचला,
मोपेडवर, मफलर डोळ्यांपर्यंत,
बगलेत टॉर्च, गालात गजक.
मीटर बॅटरीला लावून उकिडवा बसला.
मारा चावी, म्हणाला.
अकरा पॉइंट सहा.
पुन्हा मारा.
अकरा पॉइंट सहा.
इंजिन अडखळतंय, आकडा ढळत नाही.
ही थकलेली नाही, म्हणाला,
हिच्याकडनं कुणी घेतच नाहीये.

थंडीत सगळंच जरा जास्त लागतं.
मी मफलर सारखा केला.

मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या उण्यावर,
दुसरं इंजिनाच्या लोखंडावर. मारा.
दोन पॉइंट तीन.
तिथे जेमतेम शून्य असायला हवं.
"अर्थ नहीं लग रहा,"
बॉनेटच्या आतून आवाज आला.
म्हणजे अर्थिंग. कळलं मला. तरी
शाळेत धड्याखाली पेन्सिल टेकवून बसलेली
मी मला आठवले.

त्यानं जंपरची काळी वायर
उण्यापासून थेट इंजिनाला लावली.
आणि गाडी उठली,
कुणी नाव घेऊन हाक मारावी तशी.

दोष एवढाच: बोटभर रुंद, विणलेली
तांब्याची पट्टी, इंजिन आणि सांगाड्याच्या मधली.
बोल्टाखाली हिरवी पडलेली, भुसभुशीत,
धड उरलेले पदर तीन.
उन्हाळ्यात तेवढ्यावर भागतं.
थंडीत तेल काकवीसारखं दाटतं,
इंजिन जड होतं, जास्त मागतं,
तीन पदर कुठवर पुरणार.

मीही रोज हेच बघते,
हाड धड असतं, माणूस म्हणतो दुखतंय,
आणि दुखतं ते फिल्मवर न येणाऱ्या जागी.
हे त्याला सांगणार होते.
पण तो पॉलिशपेपर मागत होता.

बोल्टाची जागा चकाकेपर्यंत घासली,
नवी पट्टी आवळली, वरून व्हॅसलीन,
माझंच, पर्समधलं, ओठांचं.
दोनशे वीस रुपये.
नव्या बॅटरीबद्दल मी काही बोलले नाही.
तोही नाही.

आज दोन डिग्री.
चावी. सुरू.
इतकी चटकन, की माहूरकर काका
कानटोपी ओढत पायरीवर येईपर्यंत
माझा गिअर पडला होता.
खिशातून काढलेले हात
त्यांनी थोडा वेळ तसेच धरले पुढे,
मग एकमेकांवर चोळले,
दूधवाल्याला काहीतरी म्हणाले.
आरशात एवढंच दिसलं.
मग काच धुरकटली.