हिरवं सूत

पेइप्सी सरोवर मार्चातही गोठलेलंच असतं.
बापानं गिरमिटानं बर्फाला भोक पाडलं,
मी आत बाटली बुडवली.
तो म्हणाला, एवढंसंच? यात तर चहासुद्धा होणार नाही.

माझा बाप झोसिमा,
कोल्क्या गावचा, जुन्या श्रद्धेचा,
दोन बोटांनी क्रूस करणारा.
परक्या माणसाचा पेला आमच्या घरी वेगळा असतो,
खिडकीशी, निळ्या काठाचा.
पोस्टमनला तोच, डॉक्टरला तोच.
तार्तूला शिकायला गेले तेव्हा
परतल्यावर मलाही तोच देईल, असं वाटलं होतं.
दिला नाही.

तार्तूत मी लोखंड बारीक करायला शिकले.
इतकं बारीक, की एक कण दाखव म्हटलं
तर दाखवता येत नाही;
पाण्याला नुसता काळ्या चहाचा रंग येतो.
कणाकणाला तेलकट अंगरखा घालतो आम्ही.
तेलाला प्लास्टिकची ओढ, प्लास्टिकला तेलाची.
दोघं बिलगली की मग लोहचुंबक.

हे मी त्याला स्वयंपाकघरात सांगत होते,
मेणकापडावर बरणी ठेवून.
चुली-वर कांद्यांच्या माळा, खाली मांजर.
तो ऐकत नव्हता, मासा साफ करत होता.

मग मी बरणीला चुंबक लावलं.
एक मिनिट काहीच नाही. मांजरानं जांभई दिली.
मग पाणी एका बाजूला सरकल्यासारखं झालं,
चहा उतरला,
काचेला काळी मिशी फुटली
आणि उरलेलं पाणी स्वच्छ.
बापानं सुरी खाली ठेवली.

काळं मी कागदी गाळणीवर घेतलं, वाळवलं,
भिंगाखाली धरलं.
कपचे. मणी. पांढरं काही.
आणि हिरवं सूत,
पापणीच्या केसाहून आखूड,
एक, दोन, मग मोजायचं सोडून दिलं.

दाखव, म्हणाला.
डोळा लावून बराच वेळ वाकून राहिला.
मग उठला, पडवीत गेला,
आणि जाळं घेऊन आला.
माझ्या जन्माच्या साली घेतलेलं नायलॉनचं,
त्याच्या बापाच्या तागाच्या जाळ्यासारखं न कुजणारं,
ज्यावर माझी फी भरली, बूट आले,
तार्तूची पहिली बस आली.
दोन्ही बाजूंनी तुटलेलं, शंभरदा विणलेलं.
एक धागा ओढून भिंगाखाली ठेवला.
हिरवा तोच.

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे.
आम्ही सुतावरून एकमेकांपर्यंत पोचलो,
आणि तिथं बसून राहिलो.

मी घाईनं म्हणाले, सगळं तुझं नाही,
वरच्या नद्यांतून येतं, शहरांतून, गिरण्यांतून,
माझ्या स्वेटरच्या प्रत्येक धुण्यातून येतं.
तो म्हणाला, सगळं नाही, माहीत आहे.
पण हे माझं आहे.

मग विचारलं, आणि तुझं लोखंड? ते कोण काढणार?
चुंबकच.
सगळं?
जवळजवळ सगळं.
तो हसला नाही. तेवढ्यासाठी मी त्याची ऋणी आहे.
जवळजवळ, म्हणाला, हा शब्द माझ्या जाळ्यालाही होता.

रात्री समोवारात पाणी घातलं,
त्याच भोकातलं, न गाळलेलं.
मी म्हणाले, थांब, गाळून देते.
म्हणाला, साठ वर्षं प्यालोय.
थोड्या वेळानं पेला माझ्याकडे सरकवला:
बरं, गाळ. पण तुझ्यासाठी.

सकाळी निघताना पाहिलं,
काळ्या गाळाची शिशी खिडकीत ठेवली होती,
निळ्या काठाच्या पेल्याशेजारी.
कुठे टाकायची, विचारलं.
तो बूट चढवत होता.
टाकायची? टाकायला जागा कुठे आहे, कापितोलिना?
राहू दे इथंच.
आपल्याच घरची आहे.

मग दारातून, पाठ फिरवूनच:
पुढच्या वेळी मोठी बरणी आण.