रंगखात्यातलं पाणी

पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात
सॅमनचा तुकडा आणला.
साखर पेठेत पोचेपर्यंत अर्ध्या बर्फाचं पाणी.
नायनांनी झाकण उचललं. वास घेतला नाही,
रंग पाहिला.
"लाल दीड, पिवळा पाव," म्हणाले,
"चादरीला चढवला तर पहिल्या धुण्यात जाईल."

पातेल्यात पाणी, ठेचलेलं आलं,
गाठ मारलेला गवती चहा,
इडलिंबाची साल, आतला पांढरा पापुद्रा काढून.
तेल नाही. फोडणी नाही.
शेजारच्या बालम्मा दारातूनच म्हणाल्या,
"कोण आजारी आहे गं?"

मी बॅगेत थर्मामीटर शोधत होते.
नायना स्टुलावरून उठले.
रंगखातं सोडून नऊ वर्षं झाली,
नखांच्या कडा अजून निळ्या.
तळहात वाफेवर धरला.
"थांब.
थांब अजून.
आता बघ, बुडबुडे तळाला चिकटलेत,
वर यावं की नाही, ठरत नाहीये त्यांचं.
इथंच धर आच. उकळी फुटली की सूत आखडतं."

सूत म्हणाले ते.

आठ मिनिटं आम्ही दोघं पातेल्यावर वाकलेले.
मागच्या गल्लीत मागांचा खडखडाट,
आणि इथं पाण्याला आवाजच नाही.
तुकडा कडेनं फिकटत गेला,
मधला गुलाबी तसाच राहिला.

वरून लिंबू पिळलं, मिरचीच्या चकत्या टाकल्या.
नायनांनी कडक भाकरी मोडली,
वाटीत बुडवली, चावली.
"अळणी," म्हणाले.
शेंगाचटणीचा डबा मी पुढे सरकवला.
त्यांनी तो उघडला नाही.
वाटी तोंडाला लावली
आणि तळाशी राहिलेल्या आल्यापर्यंत
सगळं पाणी प्यायले.